गारगोटी ते खडा : एका निवृत्त सराफाचा छंद

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्या विद्वज्जनांची व्याख्याने झाली, त्यांच्या पंक्तीत बसण्याचा माझा अधिकार नाही हे मी प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो. मी व्यवसायाने सराफ. पेठेतील दुकानाच्या गादीवर चाळीस वर्षे बसलो, सोने तोलले, खडे विकले आणि वह्या लिहिल्या. विश्वस्तांनी जेव्हा 'तुमच्या त्या दगडांविषयी बोला' असे सुचवले, तेव्हा मी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा होकार दिला तो एका अटीवर. या छंदामुळे मला माझ्या व्यवसायातील एक जुनी चूक कळली. ती येथे, आपल्या सर्वांसमोर सांगण्याची मुभा मला असावी. विश्वस्तांनी ती अट मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ती हकीकत ओघाने येईलच. आधी दगडांविषयी.

खड्याला आकार देण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एक पैलू पाडण्याची, जी आपण हिऱ्यात पाहतो. दुसरी रीत फार जुनी आहे. तीत खड्याचा तळ सपाट ठेवतात आणि माथा घुमटासारखा गोलाईचा करतात. त्यावर एकही पैलू नसतो. यालाच कॅबोशॉन म्हणतात. बाजारात नुसते 'कॅब' म्हटले तरी चालते. डोके या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. पैलूंची कला युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात वाढीस लागली. त्यापूर्वी जगभर खडे घासून गुळगुळीत करण्याचाच प्रघात होता. मुघल काळातील दागिने पाहिले तर त्यांतही अनेक माणके आणि पाचू असेच गोलाईचे आढळतात.

पैलूंचे काम प्रकाश आत घेऊन परत फेकण्याचे असते. म्हणून पारदर्शक खड्याला पैलू शोभतात. परंतु लाजवर्द, पिरोजा, हकीक, मॅलाकाईट यांसारख्या अपारदर्शक किंवा अर्धपारदर्शक दगडांचे सौंदर्य रंगात आणि नक्षीत असते. त्यांना घुमटच हवा. काही खड्यांचा तर सारा चमत्कारच घुमटावर अवलंबून असतो. लसण्यातील मांजराच्या डोळ्यासारखी रेघ, तारा-माणकातील सहा किरणे, चंद्रकांत मण्यावर सरकणारी निळसर आभा, हे सर्व गोल माथ्यावरच दिसते. त्याच खड्याला पैलू पाडले तर ते नाहीसे होते. हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षे सांगत आलो होतो. मात्र असा एक खडा तयार व्हायला किती वेळ लागतो, असे एखाद्याने विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. तसे कुणी विचारले नाही, हे माझे भाग्य.

२०१६ साली मी दुकानाच्या चाव्या मुलाच्या हाती दिल्या. पहिले दोन-तीन महिने वर्तमानपत्र वाचण्यात आणि सुनेच्या कामात लुडबुड करण्यात गेले. अशातच एकदा प्रवरासंगमाला गेलो असता, पाणी ओसरलेल्या पात्राच्या कडेला गोट्यांच्या राशीत मुठीएवढी एक गारगोटी दिसली. बाहेरून मळकट आणि खडबडीत. पण एका बाजूचा कपचा उडालेला होता आणि तेथे मेणासारखा, पट्ट्यापट्ट्यांचा, राखाडी-तपकिरी अंतर्भाग उघडा पडला होता. मी तो ओला करून उन्हाकडे धरला आणि थक्क झालो. हा तर हकीक! माझ्या दुकानात तो खंभात आणि जयपूरकडून पुड्यांत बांधून येत असे. आपल्याच नदीकाठी तो पायाखाली पडलेला असेल, असे मला कधी वाटले नव्हते. शेजारी म्हशी धुणाऱ्या एका शेतकऱ्याने विचारले, "शेठजी, गारगोट्या कशाला गोळा करताय? आमच्या वावरात या, ट्रॉलीभर देतो."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. तो रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घ काळ झिरपणाऱ्या पाण्यातून सिलिका त्या पोकळ्यांच्या भिंतींवर पातळ थरांनी बसत गेली. पोकळी पूर्ण भरली की हकीक; मध्ये जागा उरली की आत स्फटिकांचे दाणे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा पोकळ्यांतून निघालेले स्फटिक आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. काळा खडक झिजून त्याची माती होते. गारगोटी त्याहून कठीण, म्हणून ती मागे उरते, नांगराच्या फाळाला लागते, ओढ्याने वाहत नदीत येते. काहींत हिरव्या खनिजाचे तंतू असे पसरलेले असतात की आत शेवाळ वाढले आहे असे वाटावे. ते शेवाळ मात्र नव्हे, दगडच तो.

आपल्या परिसरातील माणसाला या दगडाची ओळख नवी नाही. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने नेवाशाला उत्खनन केले, त्यात याच जातीच्या दगडांची हत्यारे आणि मणी मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासवृत्तात तर पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालात याच जातीच्या दगडांचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपण हा दगड बाहेर पाठवत होतो आणि मी तो बाहेरून मागवत होतो!

येथे ठक्कुर फेरू यांचे स्मरण करणे मला उचित वाटते. दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीच्या राजवटीत अधिकारपदावर असलेल्या या श्रीमाळ जैन श्रावकाने १३१५ साली प्राकृतात 'रयणपरिक्खा' म्हणजे रत्नपरीक्षा हा ग्रंथ लिहिला. शाही खजिन्यातील रत्ने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्यांनी लिहिले. माझे रत्नज्ञान मात्र पुडीवरील चिठ्ठीपुरते होते, हे मला पुढे कळायचे होते.

आता प्रारंभीच्या मूर्खपणाविषयी. उत्साहाच्या भरात मी ओळखीच्या फरशीवाल्याकडून फरशी कापण्याचा ग्राइंडर आणला आणि गच्चीवर बसून गारगोट्या कोरड्याच घासू लागलो. तोंडाला हातरुमाल. आठ-दहा दिवस हा उद्योग चालला. माझा पुतण्या छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. तो एका रविवारी सहज घरी आला, गच्चीवर आला, माझ्या भुवयांवर बसलेली पांढरी भुकटी त्याने पाहिली आणि काही न बोलता ग्राइंडरची पिन काढली. मग म्हणाला, "काका, हे काय ओढताय छातीत, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक असायला हवे होते. गारगोटी म्हणजे सिलिका. ती घासली की जी धूळ उडते तिचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तेथे व्रण धरतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही, आणि कामावरून उठल्यावरही तो वाढत राहू शकतो. त्याला क्षयाची जोड लागण्याचा धोकाही फार. हातरुमालाने हे कण अडत नाहीत.

त्यानंतर २०१७ मध्ये मी खंभातला गेलो. ज्या गावाचा माल मी आयुष्यभर विकला ते गाव मी तोवर पाहिले नव्हते, हे सांगताना संकोच वाटतो. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून कच्चा दगड तेथे येतो. तो उन्हात वाळवतात, मडक्यांत घालून शेणाच्या आचेत भाजतात. भाजल्याने त्यातील लोह लाल होते आणि पिवळट दगडाचा तांबडा अकीक बनतो. ही विद्या सिंधू संस्कृतीपासूनची आहे; लोथलच्या उत्खननात तिचे पुरावे मिळाले आहेत. घासकाम खंभातजवळच्या शकरपूरसारख्या वस्तीत, घराच्या ओसरीवर, विजेच्या चाकावर चाले. मी पाहिले त्या घरात एक तरुण कारागीर चाकापुढे उकिडवा बसला होता. त्याच्या हाताची सफाई पाहून मी मनोमन नमस्कार केला. पलीकडे खाटेवर त्याचे वडील बसले होते. वय माझ्याहून दहा वर्षांनी कमी. पण अंगणातून ओसरीवर यायला त्यांना दोनदा थांबावे लागले. मी त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांच्या पाहण्या केल्या आहेत, धूळ खेचून घेणारे साधनही सुचवले आहे. पण प्रत्येक ओसरीवर ते पोहोचलेले नाही, एवढे मी पाहिले. आपल्या घरांतून आता कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे बसतात, त्यांतही हीच सिलिका असते. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. ओटा बसवायला येणारा मुलगा आपल्याच दारात तो कोरडा कापत असेल तर त्याला पाण्याची बादली आणून द्यावी, एवढी विनंती मी या निमित्ताने करतो.

परत आल्यावर मी ग्राइंडर परत केला आणि जयपूरकडून सहा चाकांचे, पाण्यावर चालणारे छोटे यंत्र मागवले. या छंदात पाणी हाच खरा सोबती आहे. ते धूळ बसवते आणि दगड थंड ठेवते. आमच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारले, "भाऊजी, एका खड्यापायी एवढे पाणी?" प्रश्न रास्त होता. म्हणून आता तेच पाणी बादलीतून फिरवतो, रात्रभर निवळू देतो आणि तळाचा गाळ वेगळा काढतो. तो गाळ मोरीत ओतायचा नाही. सिमेंटसारखा बसतो आणि नळ्या तुंबतात. हेही अनुभवाचेच बोल, प्लंबरचे पैसे देऊन मिळवलेले.

आता खडा कसा होतो ते सांगतो. प्रथम गारगोटी हिऱ्याच्या कणांच्या पात्याने कापून तिचे पाच-सहा मिलिमीटर जाडीचे काप काढायचे. पहिला काप गळून पडतो तो क्षण मला आजही अधीर करतो. आत काय निघेल याचा बाहेरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. काप ओला करून सुकू द्यायचा आणि नीट पाहायचे. सगळा पृष्ठभाग सुकला तरी एखादी काळसर रेघ ओली राहते. ती फट. ही परीक्षा मी आधी करत नसे. त्यामुळे एक सुंदर पट्टेदार खडा, तीन संध्याकाळी घासल्यानंतर, अगदी शेवटच्या चाकावर दोन तुकडे होऊन हातात आला.

मग त्या कापावर अंडाकृती किंवा गोल साचा ठेवून ॲल्युमिनियमच्या टोकदार काडीने रेघ काढायची. पेन्सिलीची रेघ पाण्यात टिकत नाही. साचा कोठे ठेवायचा यातच निम्मी कला आहे. व्याघ्राक्षाचे तंतू तळाला समांतर असतील आणि खड्याच्या लांबीला आडवे असतील, तरच प्रकाशाची रेघ नीट खड्याच्या मध्यावर लांबीने उभी राहते; अन्यथा ती एका कुशीवर पडते. चंद्रकांत मण्याची आभा विशिष्ट दिशेनेच दिसते. ती शोधण्यासाठी दगड दिव्याखाली कितीतरी वेळ फिरवावा लागतो.

घासण्यासाठी खडा काठीच्या टोकाला चिकटवतात. कारागीर त्यासाठी लाख वापरतात. लाख कशी तयार होते हे आपण जाणता. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य सांगितले आहे ते उगाच नव्हे. मी झटपट चिकटणारा कृत्रिम गोंद वापरतो. तो लाखेइतका सोयीचा नाही. कधी खडा मध्येच सुटून बादलीत जातो आणि गाळात हात घालून शोधावा लागतो. तीच गोष्ट झिलईची. तिच्यासाठी चामड्याची चकती उत्तम असे सगळे जाणकार सांगतात. मी नमद्यावर काम भागवतो, थोडा वेळ अधिक लागतो. घरातील एका ज्येष्ठांनी मला स्फोटक कर्माचीही आठवण करून दिली. मी नदीकाठचे सुटे दगड उचलतो, खाण खणत नाही, असे उत्तर मी दिले खरे. पण लाजवर्द अफगाणिस्तानच्या बदख्शानमधील खाणीतूनच येतो आणि तो मी विकत घेतो. या उत्तरात तेवढी खोट आहे, हे मान्य करतो.

चाकांना आकडे असतात. ८० आणि २२० ही भरड चाके आकार देतात. पुढे २८०, ६००, १२००, ३०००. आकडा वाढेल तसा कण बारीक. प्रत्येक चाकाचे काम एवढेच, की मागच्या चाकाने पाडलेले ओरखडे काढून स्वतःचे अधिक बारीक ओरखडे पाडायचे. नवशिक्याची चूक नेमकी येथे होते. ओला खडा फार फसवा असतो. पाणी ओरखडे भरून टाकते आणि खडा चकाकतो. तो पुसून, कोरडा करून, भिंगाखाली पाहिला की खरे रूप दिसते. २२० च्या चाकाचा एक ओरखडा मागे राहिला तर ३००० च्या चाकावर तासभर बसूनही तो जात नाही, उलट शेजारचा भाग उजळल्यामुळे तो अधिकच उठून दिसतो. मग परत २२० वर जायचे. पहिल्या वर्षी मी हे टाळण्यासाठी काय काय युक्त्या केल्या ते सांगत नाही. एकही चालली नाही. एका चाकावरून दुसऱ्याकडे जाताना हात, नखे, काठी, सारे धुवावे लागते. भरड कणांतला एक जरी नखात राहिला तरी पुढचे काम वाया.

घुमट एकसारखा झाला की नाही हे बोटाला कळत नाही. ट्यूबलाईटखाली खडा धरून तिचे प्रतिबिंब माथ्यावरून सरकवत न्यायचे. गोलाई निर्दोष असेल तर ती पांढरी रेघ पाण्यासारखी वाहते. कोठे सपाटी राहिली असेल तर तेथे ती अडखळते. शेवटी सेरियम ऑक्साईडची पेस्ट नमद्यावर लावून झिलई. येथे हात हलका हवा, कारण दाबाने उष्णता वाढते; माझा एक ओपल याच टप्प्यावर तडकला.

दगडागणिक स्वभाव वेगळा. मोह्सच्या श्रेणीत हकीक ७, चंद्रकांत ६, लाजवर्द ५ च्या आसपास, मॅलाकाईट तर ४ च्याही खाली. लाजवर्दात सोनेरी माक्षिकाचे कण असतात, तेही भोवतालच्या दगडापेक्षा कठीण. जरा जोर दिला की मऊ भाग खोल जातो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. मॅलाकाईटमध्ये तांबे असते. त्याची भुकटी विषारी, म्हणून तो मी फार क्वचित आणि भरपूर पाण्याखालीच घासतो. नवख्याने हकीकापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तो कठीण आहे, पण लहरी नाही. माझा पहिला खडा अकरा संध्याकाळी चालला. आता साधारण तीन-चार तास पुरतात.

आता त्या चुकीकडे येतो.

१९९४ साली मी एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याकडून १४ हिरवे खडे घेतले. 'ऑस्ट्रेलियाचा क्रिसोप्रेज' असे त्याने सांगितले. क्रिसोप्रेज हा हकीकाच्याच कुळातील, पण निकेलमुळे निसर्गतःच हिरवा झालेला आणि म्हणून बराच महाग दगड. ज्यांना पाचू परवडत नसे ते उपरत्न म्हणून तो घेत. चौदांपैकी ११ विकले गेले, ३ कपाटात राहिले. २०१९ मध्ये त्यांतील सर्वांत जाड खडा माझ्या हाती लागला. नातीच्या कानातल्यांसाठी त्याचे दोन पातळ खडे करावेत म्हणून मी तो आडवा कापला. आत राखाडी होता. कडेने जेमतेम दीड मिलिमीटर हिरवा, आणि मधोमध आपल्या नदीकाठच्या गारगोटीसारखा राखाडी.

हकीक सच्छिद्र असतो, रंग पितो. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन येथे एकोणिसाव्या शतकात हे शास्त्र पूर्णत्वास गेले. साखरेच्या पाण्यात भिजवून गंधकाम्लात टाकला की आतली साखर जळून दगड काळा होतो. बाजारातील बहुतेक काळा ऑनिक्स असाच असतो. क्रोमियमच्या क्षारांनी हिरवा. रंगवलेला हकीक 'रंगवलेला' म्हणून विकण्यात मला काही गैर वाटत नाही. तो स्वस्त आणि देखणा असतो. भाजलेल्या अकीकाला तर कोणी खोटा म्हणत नाही. परंतु मी हे खडे क्रिसोप्रेज म्हणून, क्रिसोप्रेजच्या भावाने विकले होते.

उरलेल्या दोन खड्यांवर मी चेल्सी फिल्टर धरला. क्रोमियमने रंगवलेला हकीक त्यातून लालसर दिसतो, क्रिसोप्रेज हिरवाच राहतो. दोन्ही लालसर दिसले. बंधू-भगिनींनो, हा फिल्टर पाचू तपासण्यासाठी माझ्या दुकानाच्या गल्ल्यात पहिल्यापासून होता. पंचवीस वर्षांत तो मी या खड्यांवर एकदाही धरला नव्हता.

मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकतो आणि ते खोटे ठरणार नाही. परंतु त्या व्यापाऱ्याने सांगितलेला भाव चालू भावाच्या निम्म्याहूनही कमी होता. का कमी, हे मी विचारले नाही. विचारले तर तो भाव वाढवील, असे मनात आले होते, हे मला स्पष्ट आठवते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार आहेत त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा शब्द आहे. तो मी पर्युषणात अनेकदा ऐकला होता. दुधात पाणी घालणाऱ्यासाठी तो असावा, अशी माझी समजूत होती.

मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, पंचवीस वर्षे झाली. आता दारोदार सांगत फिरलात तर दुकानाची पत जाईल. बसतो मी आहे तिथे, तुम्ही नाही." त्याचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. आमच्यात पंधरा दिवस अबोला होता. अखेर त्यानेच जुन्या वह्या माळ्यावरून काढून दिल्या. ११ नावांपैकी ८ घरे सापडली. मी प्रत्येक घरी गेलो, खडा रंगवलेला आहे हे सांगितले आणि त्या वेळच्या भावातील फरक व्याजासह पुढे ठेवला. पाच जणांनी पैसे घेतले. त्यांतील एकाने चार शब्दही सुनावले. दोघांनी ती रक्कम जीवदयेच्या खात्यात जमा करायला सांगितली, ती केली. दुकानाचे म्हणाल तर तीन-चार महिने लोक जुने खडे घेऊन तपासायला येत राहिले. मुलगा प्रत्येक खडा तपासून देई आणि माझ्याकडे पाहत नसे. दोन जुनी घरे आमच्याकडे येईनाशी झाली, ती परत आलेली नाहीत.

आठवे घर एका निवृत्त शिक्षिकेचे. अंगठी त्यांच्या आईची. आई नुकतीच गेली होती. बाईंनी माझे सारे ऐकून घेतले, पैशांचे पाकीट परत केले आणि अंगठी बोटातून काढून माझ्यापुढे धरली. खड्याच्या कडेचा लहानसा टवका उडाला होता. "तुम्ही आता स्वतः घासता म्हणे. एवढी कड सारखी करून द्याल का?"

मी भिंग लावून पाहिले. टवक्याच्या तळाशी रंग फिका होत चालला होता. कड सारखी करायची तर अर्धा-पाऊण मिलिमीटर घासावे लागणार आणि तेथे राखाडी उघडे पडणार. मी त्यांना तसे सांगितले. हवे तर आपल्या नदीकाठचा, त्याच मापाचा एक शेवाळी हकीक घडवून त्या कोंदणात बसवून देतो, असेही म्हणालो.

त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "आईच्या वेळेपासून ती तशीच आहे." त्यांनी अंगठी परत बोटात घातली आणि चहा ठेवला.

तो शेवाळी हकीक मी तरीही घडवला. तो आणि कापलेल्या हिरव्या खड्याचे दोन्ही भाग मी आज सोबत आणले आहेत. व्याख्यान संपल्यावर या मेजावर ठेवतो. भिंग आणि फिल्टरही आहे. ज्यांच्या बोटांत हिरवे खडे आहेत त्यांनी संकोच न करता पुढे यावे. आमच्या दुकानातून घेतलेले असतील तर त्यांनी आधी यावे.